घडीची सायकल, आचऱ्याच्या खाडीवर

आमच्या सांगलीकडचा माणूस कोकणात उतरतो तो बहुधा देवाच्या नाहीतर आंब्यांच्या निमित्तानं. मी गेलो ते एका सायकलीच्या निमित्तानं, आणि परत आलो तो ती सायकल तिकडेच ठेवून. जाण्यायेण्यासकट वीस दिवस लागले. या वीस दिवसांत तिकडच्या माणसांनी मला जे दिलं त्याची परतफेड करणं काही माझ्या हातून होणार नाही. निदान जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझी धाकटी बहीण वत्सला मालवणच्या उत्तरेला आचरा गावी दवाखान्यात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी तिची नेमणूक तिकडे झाली. तिच्या पत्रांत एकच तक्रार असायची, ती चालण्याची. गाव वाड्यावाड्यांत विखुरलेलं, मध्ये खाडी, खाडीवर पूल नाही. एकदा तिनं कोणाची तरी जुनी सायकल मागून नेली, पण होडी एवढीशी की सायकल आडवी टाकल्यावर माणसांना बसायला जागा उरेना. 'सायकलीची घडी घालून पिशवीत टाकता आली असती तर बरं झालं असतं,' असं तिनं गमतीनं लिहिलं. मी ते गमतीनं घेतलं नाही.

मी ऑइल इंजिनं करणाऱ्या एका कारखान्यात फिटर आहे. विलायतेत लहान चाकांच्या, मधून मोडणाऱ्या सायकली निघाल्याचं चित्र मी एका मासिकात पाहिलं होतं. त्या चित्रावरून सहा महिने रविवारच्या सुट्ट्या घालवून मी एक सायकल केली. लहान मुलांच्या सायकलीची सोळा इंची चाकं घेतली. मधल्या दांड्याला बिजागरी बसवली. साडी अडकू नये म्हणून दांडा अगदी खाली ठेवला. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा मात्र मोठ्या सायकलीसारखाच पुढे दोन इंच वाकवला, कारण आजवर पाहिलेल्या सगळ्या सायकलींचा तसाच होता. कारखान्याच्या आवारात चालवून पाहिली तेव्हा हँडल जरा चळायचं. सवय झाली की जाईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पंधरा दिवसांची रजा टाकली.

खारेपाटण

घाट उतरून एस.टी. खारेपाटणला पोचली तेव्हा दहा वाजले असतील. पुढची गाडी दुपारची. टपावरून गोणपाटात बांधलेली सायकल उतरवली, तेव्हा बोजा कसला म्हणून चारचौघं जमली. मला तेवढंच हवं होतं. गोणपाट सोडलं, कळ दाबली, दांडा सरळ केला आणि बसलो.

बाजारपेठेचा रस्ता नदीकडे उतरत जातो. उतारावर जरा वेग आला आणि हँडल माझ्या हातात थरथरू लागलं. डावीकडे सावरावं तर चाक नको इतकं डावीकडे जायचं, उजवीकडे वळवावं तर उजवीकडे. पाण्यातल्या सापासारखा वळवळत मी गेलो तो थेट एका म्हाताऱ्या बाईच्या नारळांच्या ढिगात. नारळ रस्त्यावर घरंगळत सुटले आणि जमलेली माणसं ते गोळा करायला धावली. म्हातारी ओरडेल असं वाटलं. तिनं आधी माझा गुडघा पाहिला, मग चाक पाहिलं आणि म्हणाली, "ह्यां चाक पोराचां आसा. तुज्यासारक्या बाप्याक तां खंय न्हेतला?"

मग तिनं एक शहाळं फोडून माझ्या हातात दिलं. आमच्याकडे दमलेल्या माणसाला गूळपाणी देतात. हिनं तर मी तिचा ढीग उधळल्यावर शहाळं दिलं. ते पिता पिता मी रस्त्याला दोष दिला. जांभ्या दगडाचा तांबडा, खाचखळग्यांचा रस्ता. मोठं चाक ज्या खळग्यावरून नुसतं जातं त्यात लहान चाक उतरतं, हे खरंच होतं. पण ते अर्धंच खरं होतं.

आचरा

वत्सला सावित्रीकाकींच्या घरात एका खोलीत राहते. काकी साठीच्या, मुलगे मुंबईला नोकरीला, त्यामुळे वत्सलावर त्यांची मुलीसारखी माया. मी पोचलो तर अंगणात माडाच्या झावळ्यांखाली पाटपाणी तयार. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी तांदळाची भाकरी आणि तिरफळं घातलेलं बांगड्याचं सार, वर सोलकढी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तांदळाची भाकरी म्हणजे लुसलुशीत चैन वाटली. बांगड्याचे काटे काढता येईनात तेव्हा काकींनी माझ्या ताटाशी बसून एकेक काटा काढून दिला. असं मला आई गेल्यापासून कोणी वाढलं नव्हतं.

सायकल पाहून वत्सला हरखली. तिनं ती चारदा उघडली आणि चारदा मिटली. खारेपाटणची हकिगत मी तिला सांगितली, पण हसत हसत, दोष रस्त्यावर ढकलून. सांगायला हवं होतं तेवढं सांगितलं नाही, हे आज कबूल करतो. मी केलेल्या वस्तूत खोट आहे असं तोंडानं म्हणायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून येताना ती सायकलीवर बसून आली. मागे कॅरिअरला तिची औषधांची पिशवी. देवळाकडच्या उतरणीवर मी वाट पाहत उभा होतो, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं. तेच थरथरणं, तेच वळवळणं. ती कडेच्या दगडी गडग्यावर जाऊन आदळली आणि उजव्या हातावर पडली. पिशवी लांब उडाली.

मनगट मोडलं नव्हतं, पण सुजून दुप्पट झालं. काकींनी आंबेहळद उगाळून लावली, वर मी फडकं बांधलं. वत्सला एवढंच म्हणाली, "दादा, पार्वतीचे दिवस भरलेत रे. उद्यापरवा बोलावणं येईल."

पार्वती ही खाडीपलीकडच्या रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, वाडीतली सून. तिची आधीची दोन मुलं जन्मतःच गेली होती. या खेपेला वत्सलानं पहिल्या महिन्यापासून तिला सांभाळलं होतं. आणि आता माझ्या कारागिरीनं नर्सचा उजवा हातच निकामी करून ठेवला होता.

खाडीपलीकडे

बोलावणं दुसऱ्याच दिवशी उजाडताना आलं. पार्वतीचा सासरा बाबी तांडेल स्वतः होडी घेऊन आला होता. तिचा नवरा मुंबईला बोटीवर. वत्सला हाताला पट्टी बांधून निघाली. पिशवी घ्यायला मी बरोबर. तिकडची वाट लांबची म्हणून पिशवी सायकलीला अडकवून मी ती हातानं ढकलत नेली. होडीत शिरताना सायकलीची घडी घातली आणि पायांशी ठेवली. ज्याच्यासाठी ती केली होती ते काम तिनं चोख केलं, पण त्याचं मला त्या घडीला काही सुख वाटलं नाही.

बाबी साठीकडे झुकलेला, बारीक, कमी बोलणारा. एका हातात सुकाणूचा दांडा धरून तो आपल्या घराच्या दिशेला पाहत होता.

घरात पोचल्यावर वत्सला आत गेली. बाबीची बायको रुक्मिणी तिच्याबरोबर. पुरुषांनी बाहेर. घरापुढेच खाडीच्या मुखाशी पसरलेली वाळू, सुकत घातलेली जाळी, पालथ्या घातलेल्या दोन होड्या. बाबीनं नारळ आणला, समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घालू लागला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला दुसऱ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते मी म्हटलं. बाबी सुनेचं नाव घेई, घरात मूल खेळू दे म्हणे, आणि मी व्हय म्हाराजा म्हणे. आमच्याकडे नवस मनातल्या मनात बोलतात. इथे तो मोठ्यानं बोलतात आणि त्याला साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणून उभं राहायची माझी लायकी नव्हती, एवढंच मला जाणवत होतं.

त्यानंतर दोन तास नुसतं थांबणं. आतून कण्हण्याचा आवाज आला की बाबी उठायचा, दोन पावलं जायचा, परत यायचा. शेवटी मन दुसरीकडे लावायला म्हणून असेल, तो माझ्या सायकलीशी जाऊन बसला. नर्सबाय हिच्यावरून कशी पडली ते त्यानं विचारलं. मी सांगितलं. या वेळी रस्त्याचं नाव घेतलं नाही.

त्यानं पुढचं चाक इकडून तिकडे वळवून पाहिलं. चिमट्याच्या वाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "भाऊनु, ह्यां चाक तुमी फुडे कित्याक काढलात?"

मी म्हटलं, सगळ्याच सायकलींचं असतं. त्यानं मान हलवली आणि मला तिथल्या एका पालथ्या होडीच्या मागच्या टोकाशी नेलं. सुकाणू ज्या खिळीवर फिरतं तिच्यावर हात ठेवून म्हणाला, "सुकाणू खिळीच्या फाटल्यान रवता. मगे पाणीच तेका सरळ धरता. मी हात काढलंय तरी तां वळवळणा नाय. तुमचां सुकाणू खिळीच्या फुडे गेलां हा."

मी काठी घेतली आणि ओल्या वाळूवर सायकलीचं चित्र काढलं. हँडलचा तिरका दांडा रेघ ओढून जमिनीपर्यंत खाली नेला. मोठ्या सायकलीत चाक उंच, त्यामुळे ही तिरकी रेघ जमिनीला टेकेपर्यंत बरीच पुढे जाते. चिमटा दोन इंच पुढे वाकवला तरी चाक जिथं टेकतं ती जागा रेघेच्या मागेच राहते आणि चाक सुकाणूसारखं मागून ओढत येतं. लहान चाकात रेघेला पुढे जायला उंचीच मिळत नाही. त्यात माझा दोन इंचांचा वाक. रेघ आणि चाक जवळजवळ एकाच जागी टेकत होते. मागे ओढत येणारं काही उरलंच नव्हतं, मग चाकाला सरळ कोण धरणार? सहा महिने मी चाकं, बिजागरी, कळ यांत घालवले आणि हा एवढा हिशेब केला नव्हता. शिकलेल्या फिटरला तो होडी हाकणाऱ्या एका तांडेलानं वाळूवर करायला लावला.

पाना माझ्या खिशात होता. आम्ही हँडल सैल केलं, चिमटा उलटा फिरवला आणि हँडल पुन्हा सरळ करून आवळलं. आता वाक मागे आला. चाक लहान असल्यामुळे पायडलला ते लागत नव्हतं. दिसायला सायकल अगदी चमत्कारिक दिसू लागली. भरतीनं घट्ट केलेल्या वाळूवर मी ती चालवून पाहिली. वळवायला जड झाली होती, बैलगाडीसारखी. पण सरळ गेली. हात सैल सोडले तरी सरळ गेली.

मी परत फिरलो तेवढ्यात घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. बाबी तिथल्या तिथे वाळूवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मुलगी झाली होती. रुक्मिणीकाकूंच्या हातांनी आणि वत्सलाच्या सांगण्यानं ती सुखरूप जगात आली. आम्ही असे आनंदात असताना वत्सला दारात आली आणि तिनं मला बाजूला बोलावलं. तिचा चेहरा पाहून मी समजलो की अजून काही संपलेलं नाही.

पार्वतीचं रक्त थांबत नव्हतं. ते थांबवायचं इंजेक्शन तिच्या पिशवीत होतं, पुठ्ठ्याच्या पेटीत, काचेच्या दोन कुप्या. तिनं पेटी माझ्यापुढे उघडली. दोन्ही कुप्यांना तडे गेलेले, आतलं औषध कापसात मुरलेलं. उतरणीवर पिशवी उडाली तेव्हाच ते झालं होतं. सुई, पिचकारी तिनं पाहिली होती, पेटी उघडून पाहायची राहिली होती.

"दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर," ती म्हणाली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "रुक्मिणीकाकू पोट चोळताहेत, तेवढ्यानं थोडं आटोक्यात आहे. पण लवकर ये, दादा."

बाबी होडीकडे धावलाच होता. वाळूवरून धक्क्यापर्यंत मी सायकलीवर, तिथे घडी घालून होडीत, पलीकडे उतरल्यावर पुन्हा उघडून रस्त्यावर. दवाखाना तिथून दीडेक मैल. आयुष्यात इतकी जिवाच्या आकांतानं मी सायकल कधी मारली नव्हती. दगडांवरून चाक उडत होतं, दात एकमेकांवर आपटत होते, पण हँडल हातात शांत होतं. देवळाची उतरण आली, तेव्हा परतताना याच वाटेनं कुप्या घेऊन उतरायचं आहे, हे मनात आलं.

कपाट उघडलं, कुप्या मिळाल्या. कापसात गुंडाळून त्या मी सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवल्या. उतरणीच्या माथ्यावर क्षणभर पाय टेकला. उतरून चालत जावं का, असं वाटलं. मग सुकाणूवरचा हात काढण्याबद्दल बाबी जे बोलला होता ते आठवलं आणि मी सायकल सोडली. हँडलला झुंजायचं नाही, नुसता हात ठेवायचा, एवढंच करत राहिलो. सायकल त्या उतरणीवरून दोरी लावल्यासारखी उतरली. ज्या गडग्यावर वत्सला आदळली होती तो केव्हा मागे गेला ते कळलंही नाही.

बाबी होडीत उभाच होता. मी सायकल मिटून आत शिरताच त्यानं होडी सोडली.

वत्सलानं डाव्या हातानं इंजेक्शन दिलं. पाऊण तासानं ती पुन्हा दारात आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. रक्त थांबलं होतं. पार्वतीनं पेजेचे दोन घोट घेतले होते.

मालवण आणि धामापूर

वत्सलाचं मनगट बरं होईपर्यंत हलायचं नाही, असं मी ठरवलं आणि रजा वाढवून घेतली. मधल्या एका दिवशी सायकल घेऊन मालवणला गेलो. तिथल्या एका लोहारानं भट्टीवर चिमटा तापवून दिला आणि वाक मी माझ्या हातानं काढला. उलटा ठेवला तर वळणावर जड, म्हणून पुन्हा सुलटा करून जवळजवळ सरळ केला, अर्ध्या इंचाचाच वाक ठेवला. तापलेलं लोखंड एकदम थंड केलं तर कडक होऊन मोडतं, म्हणून लोहारानं तो राखेत पुरून ठेवला आणि तोवर मला घरी नेऊन घावणे आणि नारळाचा रस खायला घातला. त्याला खाडीवरची हकिगत आधीच कळली होती. मी सांगितली नव्हती. तिकडे बातमी होडीपेक्षा जोरात जाते. चाकांत हवा थोडी कमी ठेवा म्हणजे दगड कमी लागतील, हा सल्लाही त्याचाच.

मी आल्याच्या दहाव्या दिवशी वत्सला म्हणाली, मला कधीचं धामापूरला जायचंय. आम्ही एस.टी.नं गेलो, सायकल टपावर. दाट झाडीच्या कुशीत तळं, काठावर भगवतीचं देऊळ, पाणी इतकं स्तब्ध की समोरचा डोंगर त्यात पालथा पडलेला. आमच्याकडे तळं म्हणजे गुरांचं पाणी पिणं, धुणी, गलका. इथे आपणच आपला आवाज खाली आणतो. देवीची ओटी भरून झाल्यावर वत्सलानं काठच्या रस्त्यावर सायकल उघडली. मी नको म्हणालो, मनगट अजून कच्चं आहे. तिनं ऐकलं नाही. हळूच बसली, वळणापर्यंत जाऊन परत आली आणि माझ्यापुढे थांबली.

"आता ही माझं ऐकते," ती म्हणाली.

मला तेव्हा रडू आलं. ते लपवायला मी तळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

बारसं

बाळाच्या बाराव्या दिवशी बाबीच्या घरी बारसं होतं. बाळाची आत्या मुंबईला, म्हणून कानात नाव सांगायचा मान वत्सलाला दिला. मला बसायला घरातली एकुलती एक लाकडी खुर्ची दिली. ताटात सुरमई, वडे, खीर. घरचं प्रत्येक माणूस येऊन माझे आभार मानत होतं, आणि प्रत्येक आभारागणिक मला तो घास जड होत होता. कुप्या कशानं फुटल्या हे कोणाला माहीत नाही असं मी धरून चाललो होतो.

जेवणं झाल्यावर मी बाबीला होडीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. सायकल चळते हे मला सांगलीलाच कळलं होतं, खारेपाटणला पुन्हा कळलं होतं, तरी मी बहिणीला नीट सांगितलं नाही. ती पडली, कुप्या फुटल्या, त्यामुळे तुमची सून मरणाच्या दारात गेली. ती वाचली म्हणून मी इथे मानानं जेवतो आहे.

"नर्सबायन माका त्याच दिसा सांगल्यान," तो म्हणाला. "पेटी तिच्या हातातसून पडली म्हणान. आता तुमी म्हणतास, तुमच्या सायकलीन पाडली. दोगांय भावंडां आपल्या अंगार घेतास. माका एकच म्हायत आसा. तुमी गेलात आणि वेळेर इलात."

मग तो मला घरात घेऊन गेला, पार्वतीच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि माझ्या हातांत दिलं. पार्वतीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तिच्या ओठांना रंग परत आला होता.

मी निघालो त्या दिवशी वत्सला मला पोचवायला येणार होती. सकाळी उठलो तर ती नव्हती. काकी म्हणाल्या, पहाटे वरच्या वाडीतून माणूस आला, नर्सबाय सायकल घेऊन गेली, तुम्हाला उठवू नका म्हणाली. काकींनी वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि चटणी केळीच्या पानात बांधून दिली आणि मी एकटाच एस.टी.च्या थांब्याकडे निघालो.

रस्त्यावर तांबडी धूळ साचली होती. त्या धुळीत दोन बोटं रुंदीची एक रेघ वर वाडीकडे गेली होती. मी वाकून पाहिलं. पुढच्या चाकाची खूण मागच्या चाकानं जवळजवळ पुसून टाकली होती, इतकी ती दोन्ही एकामागून एक गेली होती. पहिल्या वळणापर्यंत रेघ कुठेही नागमोडी झाली नव्हती. गाडी यायला अवकाश होता, म्हणून मी त्या रेघेच्या कडेकडेनं, ती पायाखाली येऊ न देता, वळणापर्यंत चालत गेलो आणि परत आलो.